पडद्यावरचा फौजदार

पोलिसांच्या नावाचा खोटा पॉप-अप म्हणजे मोबाईलच्या ब्राउझरमध्ये अचानक उघडणारे, सरकारी नोटिशीसारखे सजवलेले एक वेब पान. वर अशोकस्तंभाचे सिंह असतात. त्याखाली गृह मंत्रालय, सीबीआय किंवा सायबर पोलीस असे ठळक नाव असते. मजकूर बहुधा ठरलेला: या मोबाईलवरून बंदी असलेला अश्लील मजकूर पाहिला गेला आहे, म्हणून मोबाईल लॉक केला आहे, अमुक तासांत दंड भरा, नाहीतर गुन्हा नोंदवून अटक होईल. बाजूला उलटे मोजणारे घड्याळ चालू असते. खाली कार्डाचा क्रमांक आणि मागचे तीन आकडे भरायच्या चौकटी किंवा यूपीआयचा क्यूआर कोड असतो. कधी भोंगा वाजतो, कधी मोबाईल थरथरतो, आणि मागे जायचे बटण कितीही दाबले तरी तेच पान पुन्हा समोर येते.

असे पान दिसल्यावर काय करावे, याबद्दल दोन मते ऐकू येतात. पहिले मत पोलीस ठाण्याच्या बाकावरचे आहे: माणूस फसतो तो कायदा माहीत नसल्यामुळे, म्हणून कायदा समजून घ्यावा आणि घडला प्रकार कळवावा. दुसरे मत मोबाईल दुरुस्तीच्या काउंटरवरचे आहे: माणूस फसतो तो पान बंद करता येत नसल्यामुळे, म्हणून ते बंद करावे आणि विसरून जावे. पुढच्या संवादात पहिली बाजू साताऱ्याचा एक निवृत्त फौजदार मांडतो आणि दुसरी सांगलीचा एक मोबाईल दुकानदार. दोघेही कल्पित आहेत. मते मात्र खरी आहेत.

जुना धंदा, नवा पडदा

सातारकर : खोटा पोलीस मोबाईलबरोबर आलेला नाही. सकाळी देवळात निघालेल्या म्हाताऱ्या बाईला दोघे जण गाठतात. "आजी, पुढं चेकिंग चालू आहे, काल खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा," असे सांगतात आणि स्वतःच पुडी बांधून हातात देतात. घरी जाऊन उघडली की आत खडे. ही रीत पश्चिम महाराष्ट्रातल्या ठाण्यांना पाठ आहे. १९ मार्च १९८७ रोजी मुंबईत ऑपेरा हाऊसच्या त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर सीबीआयचा म्हणून छापा पडला. म्होरक्याने वर्तमानपत्रात नोकरीची जाहिरात देऊन पोरे गोळा केली होती. आपण खरेच अधिकारी झालो असे त्या पोरांनाही वाटत होते. म्होरक्या दागिने घेऊन गेला, तो सापडलाच नाही. आणि लांब कशाला जायचे, सप्टेंबर २०२५ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात, कवठेमहांकाळला, आयकर अधिकारी म्हणून आलेल्या टोळीने एका डॉक्टरांच्या घरावर छापा टाकल्याचे नाटक केले आणि सोने-रोकड नेली. तिन्ही ठिकाणी हत्यार एकच होते: सरकारी माणसाला उलट प्रश्न विचारायचा नाही, ही आपली सवय.

सांगलीकर : हत्यार एकच, पण खर्च बघा ना, फौजदारसाहेब. ऑपेरा हाऊसला जाहिरात लागली, माणसे लागली, गाड्या लागल्या. कवठेमहांकाळला निदान दारात उभे राहून तोंड दाखवावे लागले. पॉप-अपला फक्त एक पान लागते. ते लाख मोबाईलवर दाखवायचे. त्यातले मूठभर घाबरले तरी धंदा चालला. ज्या फसवणुकीला इतका कमी खर्च आहे, तिच्यावरचा उपायही कुणालाही दोन मिनिटांत जमेल असाच पाहिजे.

या पद्धतीचा संगणकावरचा इतिहासही दुकानदाराच्या म्हणण्याला दुजोरा देतो. २०१२ च्या सुमारास युरोप-अमेरिकेत 'रेव्हेटन' नावाचा घातक प्रोग्राम पसरला. तो संगणकात शिरून पडदा खरोखर अडवत असे आणि त्या-त्या देशाच्या पोलिसांच्या नावाने दंड मागत असे. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्पेनच्या पोलिसांनी युरोपोलच्या साहाय्याने अशी एक टोळी पकडल्याचे जाहीर केले. २०१४ मध्ये 'कोलर' हा त्याचा अँड्रॉइड अवतार आला. तो अश्लील व्हिडिओ दाखवणारे ॲप म्हणून मोबाईलमध्ये शिरे. पुढे ठगांच्या लक्षात आले की मोबाईलमध्ये शिरण्याचीही गरज नाही, शिरल्याचा देखावा पुरतो. आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये एकामागून एक चौकटी उघडून तो अडवून धरण्याची युक्ती इतकी बोकाळली की ॲपलने मार्च २०१७ मध्ये आयओएस १०.३ आणून ती वाट बंद केली. भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये दिल्ली पोलिसांच्या सायबर पथकाने तमिळनाडूतून तिघांना अटक केली. पोलिसांच्या नावाच्या पॉप-अप नोटिशी दाखवून प्रत्येकाकडून तीन हजार रुपयांचा 'दंड' उकळल्याचा आरोप त्यांच्यावर होता, आणि तपासाचे धागे कंबोडियापर्यंत गेले होते.

तीन हजारांचा आकडा विचार करून ठरवलेला दिसतो. इतके पैसे माणूस घरात न सांगता भरू शकतो, आणि फसलो हे कळल्यावर तेवढ्यासाठी ठाण्यात जाऊन 'कोणत्या साइटवर होता?' हा प्रश्न ऐकायला तयार नसतो.

पानाला मोबाईलबद्दल काय कळते

पॉप-अप खरा वाटतो तो त्यावर छापलेल्या तपशिलांमुळे. आयपी पत्ता, शहर, फोनची कंपनी आणि मॉडेल पाहून वाटते, यांना सगळेच माहीत आहे.

सांगलीकर : ही माहिती चोरलेली नसते. कुठलेही पान उघडले की मोबाईल स्वतःच आपला आयपी पत्ता आणि ब्राउझरची जात कळवतो. त्या पत्त्याशिवाय पान येणारच नाही. आयपीवरून शहराचा अंदाज बांधला जातो आणि मोबाईल इंटरनेटवर तो पुष्कळदा चुकतो. माणूस असतो पाटणला किंवा जतला, पानावर लिहिलेले असते पुणे, नाहीतर मुंबई. पोलिसांना घरच माहीत असेल तर शहर कसे चुकेल? आणि त्या पानावर माणसाचे नाव कधी नसते, हे कुणी बघतच नाही. नाव त्यांना ठाऊकच नसते.

सातारकर : नाव नसलेली नोटीस हा ठाण्याच्या भाषेत कोरा कागद. गुन्हा क्रमांक नाही, कलम धड नाही, अधिकाऱ्याचे नाव नाही, ठाण्याचा पत्ता नाही, तरी दंड मात्र आताच्या आता. एवढ्यावरून कुणीही ओळखावे.

सांगलीकर : शांत डोक्याने ओळखेल. भोंगा वाजत असताना कोण गुन्हा क्रमांक शोधतो?

पान येते कुठून, याची उत्तरे साधी आहेत. फुकट सिनेमे, चोरून दाखवलेले क्रिकेटचे सामने, अश्लील व्हिडिओ, फुकटची ॲप्स अशा साइटवरच्या जाहिरातींच्या जागा वाटेल त्याला विकल्या जातात. 'प्ले'चे बटण दाबले की सामना सुरू होण्याऐवजी दुसरेच पान उघडते. कधी ओळखीच्या साइटचा पत्ता टाइप करताना एक अक्षर चुकते आणि त्या चुकीच्या पत्त्यावर कुणीतरी दबा धरून बसलेले असते. कधी एखाद्या साइटने 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा' असे म्हणून नोटिफिकेशन पाठवायची परवानगी घेतलेली असते. मग ब्राउझर बंद असतानाही वरच्या पट्टीत 'पोलीस सूचना' येत राहतात. त्यामुळे पॉप-अप आला म्हणजे माणसाने काही वावगे पाहिले होते असे नाही. भजने शोधणाऱ्या आजोबांच्या मोबाईलवरही तो येतो.

कायद्याची बाजू

सातारकर : लोकांच्या मनात बसलेले आहे की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ठग त्यावरच जगतो. पायरी चढायला नको म्हणून माणूस पैसे भरून मोकळा होतो. पण ज्याला त्या पायरीची माहिती आहे, त्याला पडद्यावरच्या फौजदाराची भीती वाटायचे कारण नाही. पहिली गोष्ट, अशा गुन्ह्यात दंड ठोठावणे हे पोलिसांचे काम नाही. दंड न्यायालय ठोठावते, तोही गुन्हा शाबित झाल्यावर. वाहतूक नियमांसारख्या काही बाबतींत जागेवर तडजोड शुल्क घेण्याची तरतूद आहे. त्यापलीकडे पोलीस दंड मागत असेल तर तो एकतर खोटा आहे, नाहीतर लाच मागतो आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने अटकेची रीत ठरवून दिली आहे. कलम ३६ प्रमाणे अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे, आणि अटकेचा लेखी मेमो करून त्यावर कुटुंबातल्या किंवा परिसरातल्या किमान एका साक्षीदाराची सही घेतली पाहिजे. कलम ४७ प्रमाणे अटकेचे कारण सांगावे लागते, कलम ४८ प्रमाणे नातेवाइकाला कळवावे लागते, आणि कलम ५८ प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नेही कारण सांगण्याचे आणि चोवीस तासांचे हे संरक्षण दिलेले आहे. यातले काहीही ब्राउझरच्या खिडकीतून होऊ शकत नाही.

सातारकर : नोटिशीचेही तसेच. चौकशीसाठी हजर राहण्याची कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर किंवा तशा इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ते पुन्हा कायम केले. खऱ्या पोलिसाला जिथे व्हॉट्सॲप चालत नाही, तिथे पॉप-अपचे काय घेऊन बसलात?

सांगलीकर : पण न्यायालयाचे समन्स आता मोबाईलवर येऊ शकते म्हणतात. मग लोकांनी ओळखायचे कसे?

सातारकर : समन्स इलेक्ट्रॉनिक रीतीने पाठवण्याची तरतूद नव्या संहितेत आहे, हे खरे. पण समन्स माणसाच्या नावाने असते, त्यावर न्यायालयाचे नाव, प्रकरणाचा क्रमांक आणि तारीख असते, आणि ते हजर राहायला सांगते. पैसे भरायला सांगत नाही, मोबाईल लॉक करत नाही. शंका असेल तर त्या न्यायालयात किंवा जवळच्या ठाण्यात कागद दाखवावा. खरे असेल तर विचारल्याने काही बिघडत नाही.

आरोपाच्या विषयावरही कायदा नेमका माहीत असलेला बरा, कारण भीतीचे मूळ तिथेच असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ची कलमे ६७ आणि ६७ अ ही अश्लील मजकूर प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे याबद्दल आहेत. प्रौढ व्यक्तीने खासगीत प्रौढांचा मजकूर पाहणे एवढ्याने ती कलमे लागत नाहीत. बालकांच्या लैंगिक शोषणाचा मजकूर मात्र वेगळा: तो शोधणे, पाहणे, उतरवून घेणे हादेखील कलम ६७ ब प्रमाणे गुन्हा आहे. असा गुन्हा दंड भरून मिटत नाही, म्हणून तिथेही पडद्यावर पैसे मागणारा पोलीस असूच शकत नाही. उलट सरकारी नोकर असल्याचे सोंग घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैदेचा गुन्हा आहे. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड आणि धमकावून पैसे मागितल्यास न्याय संहितेचे खंडणीचे कलम ३०८ लागते. राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. त्या पानावर आरोपी कुणी असेलच, तर ते पान बनवणारा.

पान बंद करण्याची रीत

सांगलीकर : कायदा झाला. आता हाताचे काम. पानावर कुठेही बोट लावायचे नाही. 'रद्द करा', 'ओके', कोपऱ्यातली फुली, यातले काहीही दाबायचे नाही. फुलीसुद्धा त्यांनीच काढलेली असते. पडदा भरून गेला असेल तर वरून किंवा खालच्या कडेवरून बोट ओढून मोबाईलची स्वतःची बटणे बाहेर आणायची आणि होमवर जायचे. मग अलीकडच्या ॲप्सची यादी उघडून ब्राउझर झटकून टाकायचा. इतक्याने बहुतेकांचे काम होते.

ब्राउझर पुन्हा उघडताच तेच पान आले तर पुढची पायरी असते. अँड्रॉइडवर आधी एअरप्लेन मोड चालू करून इंटरनेट तोडावे. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात ब्राउझर, त्यात 'फोर्स स्टॉप' दाबावे. नंतर ब्राउझर उघडावा. इंटरनेट नसल्याने पान पूर्ण येत नाही, तेवढ्यात टॅबच्या यादीतून ते काढून टाकता येते. तरीही भागले नाही तर ब्राउझरचा इतिहास आणि साठलेला डेटा पुसावा. आयफोनवर सफारी बंद करून सेटिंग्जमधून 'हिस्ट्री आणि वेबसाइट डेटा' पुसला की पान जाते. शेवटी ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची यादी पाहावी आणि अनोळखी साइटना दिलेली परवानगी काढून घ्यावी. वरच्या पट्टीतल्या 'सूचना' थांबवण्याचा खरा उपाय हाच.

मोबाईल खरोखर अडला आहे की नुसता देखावा आहे, हे ओळखायची खूणही सोपी आहे. होमवर जाता आले, फोन लावता आला, दुसरे ॲप उघडले, तर लॉक काहीच झालेले नाही. बुजगावण्यावर पाखरू एकदा बसले की शेतातली त्याची सत्ता संपते. या पानाची सत्ताही होमचे बटण दाबेपर्यंतच असते.

मोबाईल बंद करून चालू केला तरी पोलिसांचा पडदा हटत नसेल, किंवा त्या पानावरून एखादे ॲप उतरवले गेले असेल, तर मामला वेगळा. महाराष्ट्रात 'आरटीओ चलन' अशा नावाच्या एपीके फाइल व्हॉट्सॲपवरून पसरवल्या गेल्या आहेत. अशी फाइल बसवली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि बँकेचे ओटीपी ठगाकडे पोहोचवते. भीती दंडाचीच, फक्त मोटारसायकलच्या.

सांगलीकर : अशा वेळी पहिल्यांदा सिमचे इंटरनेट आणि वायफाय बंद. मग मोबाईल सेफ मोडमध्ये चालू करायचा. त्यात बाहेरून बसवलेली ॲप्स चालत नाहीत. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन' आणि 'ॲक्सेसिबिलिटी' या दोन ठिकाणी त्या ॲपला परवानगी दिली असेल तर ती काढायची, मग ॲप काढायचे. नुसते चिन्हावर बोट दाबून काढायला गेले तर ते निघत नाही, म्हणून लोक घाबरतात. बँकेचे पासवर्ड आणि यूपीआय पिन बदलायचे ते दुसऱ्या, चांगल्या मोबाईलवरून. सगळे पुसून मोबाईल नव्यासारखा करणे हा शेवटचा उपाय.

सातारकर : आणि पैसे गेले असतील तर पुसायच्या आधी पुरावा ठेवायचा. दुकानात मोबाईल कोरा करून दिला की ठाण्यात दाखवायला काहीच उरत नाही. ती फाइल, तो मेसेज, तो नंबर, सगळे तपासाला लागते.

सांगलीकर : हे मान्य. दुकानदाराने आधी विचारायला पाहिजे, पैसे गेलेत का?

पानानंतर फोन आला तर

काही पॉप-अपवर दंडाच्या चौकटीऐवजी 'चौकशी अधिकाऱ्याचा' क्रमांक असतो. तो लावला की खेळ दुसऱ्या टप्प्यात जातो. गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, मागे ठाण्यासारखी भिंत असते, नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवली जाते, आणि 'कॉल बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचे नाही' असे बजावले जाते. 'डिजिटल अरेस्ट' म्हणून गाजलेला प्रकार हाच. कायद्यात अशी कोणतीही व्यवस्था नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये, हरियाणातल्या एका वृद्ध दाम्पत्याला सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून लुटल्याच्या तक्रारीवरून त्या न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

सातारकर : इथे तुमचे 'बंद करा आणि विसरा' कमी पडते. पान बंद करता येते; कॉलवरच्या माणसाला उत्तर द्यावे लागते. तिथे हाताची सवय कामाला येत नाही, कायदाच येतो. "साहेब, ठाण्याचे नाव सांगा, मी घरच्यांना घेऊन तिथे येतो," एवढे एक वाक्य बोलता आले पाहिजे. खरा अधिकारी 'या' म्हणतो. खोटा आवाज चढवतो.

सांगलीकर : वाक्य बोलायलाही आधी फोन कानापासून दूर करावा लागतो. कॉल तोडायचा आणि ११२ ला किंवा आपल्या ठाण्याला स्वतः फोन लावायचा. त्यांनी दिलेल्या नंबरवर खात्री करायला गेले तर तेच खात्री देतात.

दोघांचे म्हणणे इथे एकमेकांना पूरक ठरते. 'घरात सांगू नका' ही अट या फसवणुकीची सर्वांत स्पष्ट खूण आहे. कारण खऱ्या अटकेत नातेवाइकाला कळवणे हे पोलिसांचेच कर्तव्य आहे.

पैसे गेले असतील तर

इथे मतभेदाला जागा नाही. वेळेलाच किंमत आहे. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तक्रार नोंदली की संबंधित बँकांना कळवले जाते आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते रोखून धरण्याचा प्रयत्न होतो. ठग हे पैसे भाड्याने घेतलेल्या खात्यांतून झपाट्याने पुढे फिरवतात, म्हणून पहिल्या तासात केलेला फोन आणि दुसऱ्या दिवशी केलेला फोन यांत फार फरक पडतो. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ, बँकेचे आणि खात्याचे नाव हाताशी असावे. 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी पोर्टलवरही तक्रार देता येते. त्याच वेळी बँकेला फोन करून कार्ड बंद करावे. पैसे अजून गेले नसले, पण कार्डाचे आकडे त्या चौकटीत भरले गेले असले, तरी कार्ड बंद करणे हेच शहाणपण.

ठाणे कोणते, हा प्रश्न आडवा येऊ नये. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत सायबर पोलीस ठाणी आहेत. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्याने दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची आहे. कराडचा माणूस मिरजेत असताना फसला तर त्याने आधी कराड गाठण्याची गरज नाही. इलेक्ट्रॉनिक रीतीने दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करावी लागते.

भरपाईबाबत गैरसमज नसावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना त्रयस्थाने पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवले, तर त्याच्यावर भार येत नाही. मात्र ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे चूक झाली असली तरी कळवण्याचा फायदा उरतोच.

कळवावे की विसरावे

सांगलीकर : पैसे गेले तर ठाणे, हे कबूल. पण नुसता पॉप-अप दिसला, बंद केला, संपले. त्यासाठी माणसाने कामधंदा सोडून ठाण्यात जायचे? ठाण्यात आधीच गर्दी. २०२४ मध्ये देशभरात सायबर फसवणुकीत बावीस हजार कोटींहून जास्त रुपये गेल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे. त्यात नुसत्या पानांच्या तक्रारी कोण बघणार?

सातारकर : ठाण्यात जायला सांगतच नाही. त्या सरकारी पोर्टलवर संशयित वेबसाइट, फोन क्रमांक, खाते कळवण्याची सोय आहे. संशयास्पद फोन, एसएमएस, व्हॉट्सॲप संदेशांसाठी 'संचार साथी' या दुसऱ्या सरकारी पोर्टलवर मार्च २०२४ पासून 'चक्षू' ही सोय आहे. पाच मिनिटांचे काम. तुमच्या ग्राहकाला पान बंद करता आले. त्याच पानावर दुसऱ्या दिवशी कुणाची तरी आई अडकेल. पत्ता कळवला तर तो बंद होण्याची शक्यता, न कळवला तर तीही नाही.

सांगलीकर : एक पत्ता बंद केला की दुसरा निघतो.

सातारकर : निघतो. पण त्या पानावरचा क्यूआर कोड कुठल्यातरी बँकेतल्या खात्याचा असतो, आणि नवे खाते काढणे नवे पान काढण्याइतके सोपे नाही. म्हणून पानाच्या पत्त्यापेक्षा खात्याची माहिती मोलाची.

सांगलीकर : मग असे म्हणू, नुसते पान असेल तर बंद करा, पानावर खाते, यूपीआय किंवा फोन नंबर असेल तर स्क्रीनशॉट काढून कळवा.

सातारकर : चालेल. पण तो स्क्रीनशॉट गावाच्या ग्रुपवर टाकताना लिंक टाकू नका. सावध करायला म्हणून पाठवलेली लिंकच दहा जण उघडून बघतात.

ही तडजोड व्यवहाराला धरून आहे. तिच्यातला नाजूक भाग लाजेचा आहे. पॉप-अपचा आरोप मुद्दाम असा निवडलेला असतो की तो कुणाला दाखवता येऊ नये. सातारा-सांगलीकडे एकच मोबाईल घरात तिघे-चौघे वापरतात. पान मुलाच्या हातात उघडले तर त्याला वडिलांची भीती, वडिलांच्या हातात उघडले तर सुनेची. निवृत्त सैनिक आणि शिक्षक यांच्याबाबत आणखी एक गोष्ट घडते: ज्यांनी आयुष्यभर वरिष्ठांचा आदेश पाळला, त्यांना सरकारी शिक्का असलेला कागद खोटा असेल अशी शंका घेणे जड जाते. म्हणून घरात आधीच ठरवून ठेवावे, की असे पान कुणाच्याही मोबाईलवर आले तर 'काय बघत होतास?' हा प्रश्न कुणी विचारायचा नाही. तो प्रश्न विचारला जाणार नाही याची खात्री असलेला माणूस मोबाईल दुसऱ्याच्या हातात देतो, आणि दुसऱ्याच्या हातात गेलेला पॉप-अप पैसे मिळवू शकत नाही.

आधीची तयारीही थोडकीच आहे. मोबाईल आणि ब्राउझर अद्ययावत ठेवावेत. प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरबाहेरून ॲप बसवण्याची परवानगी बंद ठेवावी. अनोळखी साइटने नोटिफिकेशनची परवानगी मागितली तर नाकारावी. सरकारी पान उघडताना पत्त्याचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' आहे का ते पाहावे. हे शब्द पत्त्याच्या मधे असून त्यापुढे आणखी एखादे 'डॉट कॉम' जोडलेले असेल तर ते पान सरकारी नव्हे. ई-चलन खरे आहे की खोटे, हे मेसेजमधल्या लिंकवरून न पाहता स्वतः सरकारी साइट उघडून, गाडीचा क्रमांक घालून पाहावे.

फौजदार आणि दुकानदार यांच्या मतांचा क्रम लावला तर विरोध उरत नाही. पान समोर असताना हात आधी चालावा: काही न दाबता होम, आणि ब्राउझर बंद. माणूस बोलू लागला तर कायदा आठवावा: पोलीस पडद्यावरून दंड घेत नाहीत, अटक पडद्यावरून होत नाही, आणि अटकेची बातमी घरापासून लपवली जात नाही. पैसे किंवा कार्डाचे आकडे गेले तर लाज बाजूला ठेवून १९३० आणि बँक, त्याच तासात. आणि पानावर खात्याचा किंवा फोनचा क्रमांक दिसला असेल, तर पैसे गेले नसले तरी तो कळवावा.